आनंदाचे खाते



मार्च महिना उतरणीला लागला की आपल्या व्यापारी घरांतून एकच शब्द कानी येऊ लागतो : क्लोजिंग. साठ्याची मोजदाद होते, उधारीच्या याद्या निघतात, तेरीज जुळत नाही म्हणून मुनीमजी रात्री उशिरापर्यंत चष्मा पुसत बसतात. बँकेतील नोकरीत ३१ मार्चची रात्र मी अनेक वर्षे जागून काढली आहे. आता निवृत्तीनंतर ती रात्र मला झोपेत घालवता येते. पण हिशेबाची सवय काही निवृत्त होत नाही.

याच आठवड्यात आपल्या नगरात आणखी एक तिथी येते. पाथर्डी तालुक्यातील चिचोंडीस १९०० साली जन्मलेल्या आणि १९१३ साली मिरी येथे दीक्षा घेतलेल्या आचार्य आनंदऋषीजी महाराजांनी २८ मार्च १९९२ रोजी नगरातच देह ठेवला. त्या दिवशी श्रद्धेने आनंदधामला जाणारी माणसे तीनच दिवसांनी वह्यांचे गठ्ठे घेऊन हिशेबनिसाकडे धावताना दिसतात. काहीही सोबत न ठेवणाऱ्याचे स्मरण आणि सर्व काही मोजून ठेवणाऱ्यांची धावपळ या दोन गोष्टी एकाच आठवड्यात शेजारी शेजारी नांदतात. मला त्यात विसंगती वाटत नाही. दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : माणसाला पुरते किती, आणि पुरले हे त्याला कळते केव्हा?

हा प्रश्न आपल्या आगमांनी फार जुन्या काळी, आणि तोही व्यापाऱ्याच्याच तोंडून, सोडवून दाखविला आहे. उपासकदशांग सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा येते. त्याची मालमत्ता पाहा : चार कोटी सुवर्णमुद्रा ठेवीत, चार कोटी व्यापार-व्याजात, चार कोटी घरदार व सामानसुमानात, शिवाय दहा-दहा हजार गुरांची चार गोकुळे. बँकेच्या भाषेत बोलायचे तर स्थिर मालमत्ता, खेळते भांडवल आणि राखीव ठेव यांची इतकी नेटकी विभागणी मी फार थोड्या कर्जदारांच्या ताळेबंदात पाहिली. भगवान महावीरांसमोर त्याने व्रत घेतले ते आहे ते टाकून देण्याचे नव्हे; आहे त्याच्यापुढे न जाण्याचे.

खरी गंमत पुढे आहे. ही मोठी कुंपणे घातल्यावर तो रोजच्या बारीकसारीक वस्तूंकडे वळतो. अंग पुसण्यास एकच सुगंधी वस्त्र, दात घासण्यास ओल्या ज्येष्ठमधाची काडी, स्नानास आठ घडे पाणी, पिण्यास आभाळातून पडलेले पाणी, तूप गायीचे आणि तेही शरद ऋतूतील. बारा कोटींचा धनी आपल्या दातवणाची नोंद करून ठेवतो! पूर्वी मी हे वाचले तेव्हा ते निव्वळ निर्बंधांचे पत्रक वाटले होते. आता अंदाजपत्रकाच्या नजरेने वाचते तेव्हा दिसते की प्रत्येक ओळीत त्याने एकेक वस्तू नाकारली, तशी एकेक वस्तू निवडलीही आहे. तूप नको, असे तो म्हणत नाही. शरदातले तूप हवे, असे म्हणतो. ज्याला कोणते तूप आवडते हे नेमके ठाऊक आहे, त्याला दहा प्रकारचे डबे घरात भरून ठेवण्याची गरज उरत नाही. मर्यादा घालण्यासाठी आधी आपली आवड ओळखावी लागते, आणि हे काम दिसते तितके सोपे नाही.

आवड ओळखण्याचे दुसरे उदाहरण आपल्या भिंगारच्या वाटेवरच आहे. नगरहून भिंगारकडे येताना लागणाऱ्या भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना आणून ठेवले होते. पंडित नेहरूंनी १९४४ साली तेथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, हे आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. नेहरू तेथे बागकामात रमत. त्यांचे सहबंदी मौलाना अबुल कलाम आझाद यांनी त्याच किल्ल्यात एका स्नेह्याला उद्देशून पत्रे लिहिली. ती तेव्हा धाडता येण्याजोगी नव्हती. १९४६ साली 'गुबार-ए-खातिर' या नावाने पुस्तकरूपाने आली. त्या पत्रांत राजकारण थोडे आणि चहा फार आहे. पहाटे, सारे निजलेले असताना उठावे, आपल्या हाताने चिनी चहा सिद्ध करावा, दूध न घालता घोट घोट घ्यावा, हा त्यांचा नेम. खोलीत घरटी बांधणाऱ्या चिमण्यांशी आधी झालेले भांडण आणि मग तांदळाचे दाणे टाकून जमविलेली मैत्री, हेही त्यांनी रंगवून लिहिले आहे.

याच बंदिवासात, एप्रिल १९४३ मध्ये, त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यास निवर्तल्या. आजार बळावल्याच्या वार्ता येत होत्या. परंतु भेटीसाठी सरकारकडे याचना करणे त्यांनी पत्करले नाही. त्या दुःखाविषयीही त्यांनी तेथूनच लिहिले. चहाने असे दुःख हलके होते, असे कोणी म्हणणार नाही. पण ज्या माणसाजवळ पहाटेचा तो एक घोट आणि चार चिमण्या होत्या, त्याच्याजवळ दुसऱ्या दिवशी उठण्याचे निमित्त तरी होते, एवढे मला निश्चित वाटते. बँकांना कायद्याने बंधन आहे : नफ्यातून आधी राखीव निधीत भर घालायची, लाभांश त्यानंतर. तो निधी चांगल्या दिवसांत निरुपयोगी दिसतो; त्याची किंमत वाईट दिवसांत कळते. साध्या आनंदाचेही तसेच आहे.

आता आपल्या वह्या उघडू या. कीर्द आहे, खतावणी आहे, जीएसटीचे विवरण वेळेवर जाते. पण घरखर्चाचे पान? कर्जाच्या अर्जात 'दरमहा घरखर्च' असा रकाना असे. वर्षाला कोटीची उलाढाल करणारे गृहस्थ त्या रकान्यापाशी येऊन पेन थबकवत आणि म्हणत, "मॅडम, तो काही वेगळा नसतो, गल्ल्यातूनच जातो." दुकान आणि मालक या दोन निराळ्या व्यक्ती मानाव्यात, हा वाणिज्य शाखेचा पहिला धडा, आपल्या बहुतेक घरांत तो पुस्तकातच राहिला आहे. परिणाम असा की लग्नाच्या मंडपावर, स्वागताच्या फुलांवर किती गेले ते वर्ष संपल्यावर कळते, आणि घरातल्या माणसाला आवडीची एक लहानशी वस्तू घ्यायची म्हटली की "सध्या मंदी आहे" हे उत्तर तयार असते. चारचौघांत दिसणारा खर्च कधीच कापला जात नाही. जो कोणाला दिसत नाही, तो आनंद आधी कापला जातो.

आणि तो कोणाचा कापला जातो? बँकेत असताना पिग्मीच्या खात्यांशी माझा पुष्कळ संबंध आला. दारोदार फिरून रोज दोन-दोन आणे गोळा करणारी ही योजना सिंडिकेट बँकेने १९२८ साली उडुपीत सुरू केली, आणि पुढे आपल्याकडील पतसंस्थांनी ती घराघरांत नेली. आमच्या खातेदारांत चांगल्या, खात्यापित्या घरांतल्या कितीतरी भगिनी होत्या. त्यांपैकी काहीजणी पासबुक घरी नेत नसत. "इथेच असू द्या, मॅडम," म्हणत. चोरीचा पैसा नव्हता तो. भाजीतून, भाऊबीजेतून वाचविलेला होता. ज्या घराची पत बँकेत लाखांची, त्या घरच्या गृहिणीला शंभर रुपये लपवावेसे वाटत, ही गोष्ट माझ्या मनातून अद्याप गेलेली नाही.

म्हणून तीन वर्षांपूर्वी आमच्या घरी नव्या आर्थिक वर्षाचे अंदाजपत्रक मांडताना मी एक नवे शीर्षक सुचविले. दुकानातून घरासाठी ठरावीक उचल दरमहा घ्यायची, हे आधीच ठरले होते. त्या उचलीतून घरातील प्रत्येकाला, नातीपासून सासूबाईंपर्यंत, पाचशे रुपये द्यायचे आणि त्यांचा हिशेब कोणी विचारायचा नाही. आम्ही सहाजण, म्हणजे महिन्याचे तीन हजार. साठ हजारांच्या घरखर्चात ते पाच टक्के होतात. यजमानांचा पहिला आक्षेप अस्सल व्यापाऱ्याचा होता : "ज्याचा हिशेब नाही तो खर्च नव्हे, गळती." मी म्हटले, दुकानातील पोऱ्याजवळ किरकोळ खर्चाला आपण रक्कम ठेवतोच, प्रत्येक चहाची पावती मागतो का? त्यावर ते हसले, पण सासूबाईंचे नाव आल्यावर म्हणाले, "आईला वेगळे कशाला? मागेल तेव्हा देतोच की."

सासूबाई शेंगा निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "देतोस रे. कधी नाही म्हणाला नाहीस. पण मागावे लागते."

त्यानंतर चर्चा झाली नाही. शीर्षक मंजूर झाले.

पहिले चार महिने सासूबाईंनी ती रक्कम उशीखाली नुसती ठेवली. नातीने रंगपेटी आणली, सूनबाईने एका मासिकाची वर्गणी भरली, मुलाचे पैसे कुठे जात ते मला अजून ठाऊक नाही आणि विचारायचे नाही हेच तर ठरले आहे. मी मोगऱ्याचे रोप आणले. पाचव्या महिन्यात एका दुपारी सासूबाई पातळ बदलून निघाल्या. कोपऱ्यावरून रिक्षा केली आणि सावेडीस राहणाऱ्या आपल्या बालमैत्रिणीकडे जाऊन आल्या. घरात गाडी आहे, चालविणारी तीन माणसे आहेत. सांगितले असते तर कोणीही आनंदाने सोडले असते. पण मग "केव्हा आणायला येऊ?" हा प्रश्न आला असता. त्या दुपारी त्यांना तो प्रश्न नको होता. तेव्हापासून महिन्यातून दोनदा त्या जातात. काय बोलतात ते सांगत नाहीत. परत येताना चेहऱ्यावर जे असते त्याला जमेच्या बाजूस कोणत्या नावाने लिहावे, हे माझ्या एम.कॉम.ला अजून सुचलेले नाही.

याला उधळपट्टीचे समर्थन म्हणू नये. उलट, या तीन वर्षांत आमच्या घरचा दिखाऊ खर्च उतरला, असा माझा अनुभव आहे. आपल्या हक्काचा लहान आनंद ज्याला नियमित मिळतो, त्याला लग्नकार्यात सारा हिशेब एकदम वसूल करण्याची निकड वाटत नाही. दानाचेही तेच. नातीने गेल्या पर्युषणात जीवदयेच्या पेटीत स्वतःचे पन्नास रुपये टाकले. आमच्याकडून घेऊन टाकलेल्या शंभरापेक्षा ते मोठे होते, कारण त्यासाठी तिला काहीतरी सोडावे लागले. ज्याच्याजवळ स्वतःचे काहीच नाही, त्याला त्यागाचे सुखही मिळत नाही.

ज्या भगिनींना व बंधूंना हा प्रयोग करून पाहावासा वाटेल, त्यांच्यासाठी रीत थोडक्यात सांगते. प्रथम दुकान व घर वेगळे करा. महिन्याच्या ठरल्या दिवशी ठरलेली उचल घरी येऊ द्या, आणि मध्येच गल्ल्याला हात लावू नका. दुसरे, त्या रकमेतून शिल्लक आधी बाजूला काढा, खर्च मग. उरले तर टाकू म्हणणाऱ्याचे कधी उरत नाही. तिसरे, घरातील प्रत्येकाची बिनहिशेबी रक्कम त्याच दिवशी, न मागता, त्याच्या हाती पडू द्या. रक्कम शंभर असो की हजार, ऐपतीप्रमाणे. परंतु सर्वांना सारखी. कमावत्याला अधिक आणि वृद्धाला कमी केलीत तर त्या रकमेचा पुन्हा पगार होतो किंवा भीक होते. चौथे, समाजकार्य, लग्ने, आहेर यांसाठी वर्षाची मर्यादा घरातल्या सर्वांसमोर लिहून ठेवा. लिहिलेली मर्यादा मोडताना हात जरा तरी कचरतो.

यातील तिसरी बाब अनेकांना जड जाईल, हे मी जाणते. पैसा देणे आपल्या समाजाला कधीच अवघड गेले नाही. आपल्या धर्मशाळा, पांजरपोळ आणि रुग्णालये त्याची साक्ष देतात. अवघड जाते ते दिल्यावर विसरणे. घराबाहेरच्या दानात आपण गुप्तदान श्रेष्ठ मानतो; घरातल्या माणसाला देताना मात्र पावती मागतो.

येत्या १ एप्रिलला नव्या वह्या निघतील. पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहून झाले की घरखर्चाच्या पानावर घरातल्या प्रत्येकाचे नाव लिहा, सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीपासून आरंभ करून. नावापुढे आकडा घाला आणि त्यापुढचा 'तपशील' हा रकाना कोरा सोडा.