अंगदुखीमागचं दुखणं

प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘मला नैराश्य आलंय’ असं सांगत सहसा कुणी येत नाही. अंग दुखतं, झोप लागत नाही, छातीत धडधडतं, असंच सांगितलं जातं आणि रुग्ण वेदनाशामक गोळ्या घेऊन घरी जातो. 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 10.6 टक्के प्रौढांना मानसिक विकार आढळले. त्यातले बहुसंख्य उपचारांविनाच होते. म्हणून रक्तदाब मोजतात तितक्याच सहजपणे दोन प्रश्न विचारले जायला हवेत: गेल्या दोन आठवड्यांत मन उदास असतं का? कशातच रस वाटेनासा झालाय का?

डॉक्टरांना वेळ नाही, हा आक्षेप खराच आहे. त्याचं उत्तर गोव्यात मिळालं. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या, 2010मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मानस’ अभ्यासात डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांच्या मदतीनं सरकारी केंद्रांतले अधिक रुग्ण बरे झाले. खासगी दवाखान्यांत मात्र तसा स्पष्ट फरक दिसला नाही, हेही नोंदवायला हवं. साध्या दुःखालाही आजाराचं लेबल लागेल, ही भीती रास्त आहे. पण दोन प्रश्न म्हणजे निदान नव्हे. त्यानंतर सविस्तर बोलावं लागतं, शिवाय रक्तक्षय आणि थायरॉइडही तपासावा लागतो, कारण सततचा थकवा तिथूनही येतो.