मण्यांच्या निमित्ताने

लग्नसराईत मंगल कार्यालयात पुरुषमंडळी बहुधा दोनच ठिकाणी सापडतात, पंगतीच्या आसपास नाहीतर पंख्याखाली. रुखवताच्या टेबलाकडे कुणी फिरकत नाही. मला मात्र ते टेबल निरखून पाहण्याची जुनी खोड आहे. मोत्यांचे तोरण, ताटाभोवतीची महिरप, मण्यांनी मढवलेला नारळ, पाण्याच्या तांब्यावरचे जाळीदार झाकण. यातले काय घरी झाले आणि काय विकत आणले, हे दोरा पाहून कळते. गेल्या काही वर्षांत एक चमत्कारिक अनुभव येऊ लागला आहे. बुलढाण्याच्या एका लग्नात पाहिलेली महिरप पुढच्या महिन्यात मेहकरच्या लग्नात पुन्हा भेटली. तीच, डाव्या कोपऱ्यातले दोन मणी उडालेली. चौकशी केली तेव्हा कळले, रुखवत भाड्याचे होते. खुर्च्या येतात, घोडा येतो, तसे तेही येते आणि संध्याकाळी टेम्पोतून परत जाते. वधूची आई म्हणाली, "भाऊ, वेळ कुणाला आहे आता?"

त्या माउलीचे काही चुकले असे मला वाटत नाही. सोयाबीन काढणीच्या दिवसांत घरातल्या बाईला मणी ओवत बसा म्हणणे हा आगाऊपणा होईल. पण त्या टेम्पोतून नेमके काय निघून जाते, ते पाहिले पाहिजे. तोरण जाते, हे खरे. तोरणाचे मला फारसे दुःख नाही.

माझी थोरली बहीण अमडापूरला दिलेली. चिखलीहून खामगावला जाताना लागणारे, बल्लाळ देवीचे हे गाव. आक्काच्या ओसरीवर दुपारी चार-सहा बायका मण्यांचे डबे घेऊन बसत, हे मी कॉलेजात असल्यापासून पाहत आलो. कुणाच्या घरी लग्न ठरले की त्या घरची पोत आणि तंगूस इथे येई. वाटीत मणी, मांडीवर जुने पातळ, म्हणजे सांडलेला मणी घरंगळत जात नाही. नमुना कागदावर नसे. "पाच घे, दोन सोड, एकातून परत ये," एवढ्यावर काम चाले. हळूहळू माझ्या लक्षात आले की मणी हे निमित्त आहे. रिकाम्या हाताने बसलेल्या सुनेला कुणीही हाक मारतो: पाणी आण, चहा टाक, म्हशीकडे बघ. हातात सुई असली की ती 'कामात' असते. मग तासभर तिला कुणी उठवत नाही. शिवाय काम लग्नघरचे, म्हणजे सासूलाही नाही म्हणता येत नाही. दुपारचा तो एक तास या बायकांनी मण्यामण्याने कमावलेला होता.

आता थोडे त्या कामाविषयी, कारण त्यात डोके किती लागते हे पुरुषांना ठाऊक नसते. दोऱ्याची दोन्ही टोके एकाच मण्यातून समोरासमोरच्या बाजूंनी घालायची, की घर बंद होते. सहा-सहा मण्यांची घरे एकमेकांना जोडत गेलात तर जाळी सपाट राहते. मध्येच पाचाचे घर घातले की ती वाटीसारखी वर उचलते आणि साताचे घातले की झालरीसारखी लाटते. नुसत्या पाच-पाचांची बारा फुले जोडली की तीस मण्यांचा चेंडू होतो, कारण प्रत्येक मणी दोन फुलांत वाटून घेतलेला असतो. शेवटच्या फुलाला तर नवा मणी लागतच नाही. पाचही जागेवर असतात, दोरा तेवढा फिरवून घ्यायचा. पाच आणि सहाची घरे मिसळून नव्वद मण्यांचा मोठा चेंडूही होतो. कार्बनच्या साठ अणूंचा जो रेणू 1985 मध्ये सापडला आणि ज्यासाठी 1996 चे रसायनशास्त्राचे नोबेल दिले गेले, त्याची घडण हीच. तैवानमधले रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक विद्यार्थ्यांना असले रेणू मणी ओवूनच दाखवीत. आक्काला मी हे सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मंग त्याइले बारा फुलं मोजा लागली असतीन."

हा नाद जुना आहे. चाळीसगावजवळच्या पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले, ते सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीचे. नागपूरजवळच्या माहूरझरीला प्राचीन काळी रंगीत दगडांचे मणी घडवले जात. आमच्या जिल्ह्यातल्या बंजारा तांड्यांवर कवड्या आणि मण्यांचे काम बायकांच्या अंगावरच नांदत आले आहे. काचेची बारीक पोत मात्र साता समुद्रापलीकडून, व्हेनिस आणि बोहेमियातून आपल्याकडे येऊ लागली. बोहेमियातल्या याब्लोनेत्स गावचे जर्मनभाषक कारागीर दुसऱ्या महायुद्धानंतर घरादारासकट हुसकले गेले. त्यांनी बव्हेरियात जाऊन 'नवे याब्लोनेत्स' वसवले आणि पुन्हा मणीच करायला घेतले.

बँकेत होतो तेव्हाची सवय म्हणून एकदा हिशेब मांडला. एका तोरणाला सहा हजार मणी धरा, एका मण्याला पंधरा सेकंद. नव्वद हजार सेकंद, म्हणजे पंचवीस तास. शेतावरची जवळजवळ चार दिवसांची मजुरी. एवढे पैसे मोजून तोरण घेणारे गिऱ्हाईक चिखलीच्या बाजारात मला तरी दिसलेले नाही. म्हणून कुणी बाई चार मणी ओवू लागली की "बचत गट काढा, कर्ज घ्या, विक्री करा" असा सल्ला देणाऱ्यांपासून मी चार हात दूर राहतो. ज्यांना विकायचे आहे त्यांनी तासांचे पैसे लावून विकावे, घासाघीस करणाऱ्याला हा हिशेब दाखवावा. पण प्रत्येक छंदाला धंद्याच्या गाड्याला जुंपायचे, हे काय? पुरुष पत्ते खेळतात तेव्हा त्यांना प्रकल्प अहवाल कुणी मागत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले, ते सांगतो. आक्काच्या शेजारच्या एका घरी ऐन तिशीतल्या बाईचा नवरा गेला. कर्ज होते, त्याने विहीर जवळ केली. विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी केंद्राने 2006 मध्ये मदतीचे पॅकेज दिले, त्यांत बुलढाणा होता. त्यामुळे ही गोष्ट आमच्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. दहाव्या दिवशी तिच्या गळ्यातली काळी पोत तोडली. त्यानंतर ती ओसरीवर यायची थांबली. रुखवत म्हणजे शुभकार्य, तिने आपणहूनच ओळखले. तीन महिन्यांनी आक्का तिच्या दारात जाऊन मण्यांचा डबा ठेवून आली. काही बोलली नाही, कारण काय बोलावे हे तिलाही सुचले नव्हते. आठवड्याने ती बाई आली आणि कोपऱ्यात बसली. पुढे त्या लग्नघरच्या एका म्हातारीने हरकत घेतली, हिच्या हातचे तोरण मांडवात कसे? आक्का म्हणाली, "मन्याले का समजते, कोनं ओवला ते?" तोरण लागले. त्या म्हातारीने बरेच दिवस आक्काशी बोलणे टाकले होते, हेही सांगायला हवे.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करायला सांगितले. ठराव हवेतच. पण ठरावानंतर त्या बाईने दुपारी जायचे कुठे? देवळात तिच्याकडे बघतात, हळदीकुंकवाला बोलावत नाहीत, शेतातून आली की घर आहेच. जिथे तिला कुणी काही विचारणार नाही आणि तरी ती चौघींत असेल, अशी जागा गावात किती असते?

म्हणून भाड्याच्या रुखवताची मला काळजी वाटते. निमित्त गेले की बैठक मोडते. शहरात छंदवर्ग असतात, मोबाइलवर पाहूनही नवे नमुने शिकता येतात, मुली शिकतातही छान. पण मोबाइलसमोर बाई एकटी बसते, आणि एकट्या बाईला हाक मारणे सोपे असते. माझे म्हणणे एवढेच: लग्न नसले तरी बैठक चालू द्यावी. वाचनालयाची खोली, शाळेचा वर्ग, देवळाचा सभामंडप, कुठलीही जागा चालेल. घरच्या पुरुषांनी त्या तासात चहा स्वतः टाकावा. आणि जे होईल त्याच्या मागे करणारीचे नाव आणि साल टाचावे. बँकेच्या अर्जावर व्यवसायाच्या रकान्यात 'घरकाम' लिहिलेल्या हजारो बायका मी पाहिल्या. निदान तोरणावर तरी नाव असू दे.

काचेच्या मण्याला म्हातारपण नाही, दोरा तेवढा कुजतो. आक्काच्या स्वतःच्या रुखवतातली महिरप यंदा सुटायला लागली. ती दोघींनी मिळून पूर्ण उसवली आहे. मणी रंगांप्रमाणे वाट्यांत वेगळे केले आहेत आणि नववीतल्या तीन मुली आता तीस मण्यांच्या चेंडूवर हात बसवताहेत. एकीचा चेंडू अकराव्या फुलाशीच अडतो, ती कुठेतरी सहा मोजते. मला खामगावहून जाताना तंगूस न्यायचा आहे. निरोपात बजावले आहे, "पतला आनजो, जाड नको."