आखाजीला जुनी गाडी घेताय? आधी आरसी मागा

कापसाचे नाहीतर केळीचे पैसे हातात आले, की आपल्याकडे गाडीचा विषय निघतोच. जुनी गाडी घ्या, त्यात कमीपणा काही नाही. फक्त चकचकीत रंग पाहून बयाणा देऊ नका.

आधी आरसी मागा. तिच्यावरचं नाव आणि समोर बसलेला माणूस एकच आहे का? नसेल तर मूळ मालकाला भेटा. गाडीवरचा चेसिस नंबर आरसीशी जुळवा. एमपरिवहन ॲपवर विमा, पीयूसी, कर्ज तपासा. बाकी चलनं विकणाऱ्यालाच भरू द्या. गाडीवर कर्ज दिसलं, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 आल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘हप्ते फिटलेत हो’ हे नुसतं तोंडी चालत नाही.

धुळ्याहून सुरत सरळ रस्त्याने गाठता येते. म्हणून गुजरात पासिंगची गाडी स्वस्तात मिळाली, की आपण हुरळतो. पण तिकडच्या आरटीओची एनओसी लागते, इथला रोड टॅक्स भरावा लागतो, तेव्हा कुठे एमएच 18 किंवा एमएच 19 नंबर पडतो. हा खर्च धरूनच भाव करा.

पाण्यात बुडालेल्या गाडीपासून जपा. ऑगस्ट 2021 च्या अखेरीस चाळीसगावात पूर आला, ऑगस्ट 2024 मध्ये वडोदऱ्यात. अशी गाडी धुऊन, अत्तर मारून बाजारात उभी करता येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग पुसलेला असतो, आतल्या टोकाला गाळाचा पट्टा राहतो. डिकीतली स्टेपनी उचला, खाली माती बसलीय का पाहा. मॅटखाली हात घाला.

इंजिन थंड असताना चालू करून बघा. तुम्ही पोचायच्या आधीच बॉनेट गरम असेल, तर दुसऱ्या दिवशी न सांगता जा. फेरी मात्र भर दुपारी मारा. चार माणसं बसवा, एसी लावा, गाडी थोडा वेळ उभी ठेवा आणि काट्यावर नजर ठेवा. आपल्या मे महिन्यात रेडिएटरची खरी परीक्षा होते. मीटरवर किलोमीटर कमी आणि ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत, असं दिसलं तर सर्व्हिसच्या नोंदी मागा. सीएनजी किट असेल तर ती आरसीवर चढलेली हवी. मेकॅनिक तुमच्या ओळखीचा न्या, विकणाऱ्याचा नको.

आता सर्वांत महत्त्वाचं. आपल्याकडे स्टॅम्प पेपरवर नोटरी केली, की व्यवहार झाला असं समजतात. तसं नाही. फॉर्म 29 आणि 30 भरून आरटीओत नाव लागेपर्यंत कागदोपत्री गाडी तुमची नाही. ताबा घेतल्यापासून 30 दिवसांत अर्ज करा. विमाही 14 दिवसांत नावावर करून घ्या, नाहीतर गाडी ठोकली तर तुमच्या नुकसानीचे पैसे अडकतात. थोडी रक्कम नाव लागेपर्यंत हातात राखा. विकणारा सरळ असेल, तर कुरकुरत का होईना, मान्य करतो.

नवी दारात आली म्हणून घरची जुनी विकणार असाल, तर हेच उलट बाजूने बघा. तुमचं नाव आरसीवर राहिलं आणि त्या गाडीने कुणाला उडवलं, तर भरपाईसाठी तुम्हालाच धरतात. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये असाच निकाल दिला आहे. म्हणून गिऱ्हाइकावर सोपवू नका, आरटीओत स्वतः सोबत जा आणि पावतीची झेरॉक्स घरी ठेवा.