चक्कर आली की सलाईन कशाला?
काष्टीच्या शनिवारच्या बाजारात कुणी गरगरून ओकला, की ‘बीपी लो झालं, सलाईन लावा’ हे ठरलेलंच. पण कूस बदलताच घर फिरत असेल, तर दोष बहुधा कानाच्या आत असतो: तिथले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात. सलाईनने ते हलत नाहीत, डॉ. जॉन एप्ली यांच्या पद्धतीने डोकं ठरावीक क्रमाने वळवलं, की बहुतेकांना आराम पडतो. गोळ्यांनी मळमळ थांबते, हे खरं. पण त्या महिनोन्‌महिने घेतल्या, तर मेंदूचं तोल सावरायला शिकणं लांबतं. पक्षाघाताची शंका रास्तच. बोबडी वळली, एकाचे दोन दिसले, हात लुळा पडला, तर तडक मोठं रुग्णालय गाठावं. एरवी कानातल्या या दोषाची तपासणी साध्या पलंगावर होते. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या प्रत्येक डॉक्टरला ती शिकवायलाच हवी.