नव्व्याण्णव लाखांची कॅसेट

मुलांनो, दिवाळीची साफसफाई निघाली की सज्ज्यावरून काय काय खाली येतं! पितळी डबे, आजीच्या शिवणयंत्राचं सामान, बाबांच्या गाण्यांच्या कॅसेटी. आणि नीट पाहाल तर एखाद्या पिशवीत पिवळट पडलेला प्लॅस्टिकचा डबा, वायर गुंडाळलेले दोन रिमोट आणि एक जाडसर, चौकोनी कॅसेटही सापडेल. कबाडीवाला ते सगळं किलोच्या भावानं नेतो. त्याला देण्याआधी आजचं पान वाचा बरं!

तो डबा म्हणजे तुमच्या आईबाबांचा व्हिडिओ गेम. मी शाळेत होते तेव्हा आमचं बेसा म्हणजे निव्वळ शेतं. आज जिथे फ्लॅटच्या स्कीम उभ्या आहेत, तिथे तुरी डोलायच्या. गल्लीत एकाच घरी असा डबा होता आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळे पोट्टे त्या घरी. एक मारिओ मेला की रिमोट पुढच्याच्या हातात, असा नियम. कॅसेटवर छापलेलं असायचं : ९९९९९९९ इन १. म्हणजे एका कॅसेटमध्ये ९९ लाख ९९ हजार ९९९ गेम!

आता वही काढा. एक गेम फक्त एक मिनिट खेळायचा, न जेवता, न झोपता. सगळे संपायला किती दिवस? ६,९४४. म्हणजे १९ वर्षं! पहिलीत बसलेला मुलगा नोकरीला लागेल तेव्हा उठेल. दुसरं गणित. पहिला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटचा होता, आजच्या मोबाइलमधला एक फोटोही त्याहून कितीतरी मोठा असतो. पण तेवढे छोटे गेम घेतले, तरी ९९ लाखांना सुमारे ४०० जीबी जागा लागेल. त्या काळच्या कॅसेटमध्ये? शक्यच नाही. खरे गेम मोजकेच असत. तोच गेम दुसऱ्या पातळीपासून सुरू केला की नवा नंबर, वेग वाढवला की आणखी एक नंबर. यादी मात्र पानामागून पान!

हा डबा मुळात आला जपानहून. तिथल्या क्योतो शहरात १८८९ साली निन्टेन्डो नावाची कंपनी निघाली, फुलांची चित्रं असलेले पत्ते बनवणारी. त्याच कंपनीनं १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ बाजारात आणला, किंमत १४,८०० येन. मासायुकी उएमुरा या इंजिनियरनं तो घडवला. आपल्याकडे ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशा नावांनी जे डबे घरोघर आले, ती याची नक्कल. मूळ यंत्रातल्या वेगवेगळ्या चिपांचं काम पुढे एकाच चिपमध्ये कोंबलं गेलं. त्यामुळे असा स्वस्त डबा उघडला तर आत काळ्या डांबरासारखा एक ठिपका दिसतो, बाकी सगळी पोकळी.

नक्कल होती म्हणून तर तो आपल्याला परवडला, हे खरंच. पण त्यात एक गोष्ट हरवली. पुष्कळ कॅसेटींत गेम बनवणाऱ्यांचं नावच पुसलेलं असे. आम्ही वर्षानुवर्षं खेळलो, पण कोणाचं खेळलो ते ठाऊक नाही. आईबाबांना ‘काँट्रा’ विचारा. वर-वर-खाली-खाली-डावं-उजवं-डावं-उजवं-बी-ए दाबलं की तीस लाइफ मिळायच्या! हा मंत्र काझुहिसा हाशिमोतो या माणसाचा. १९८६ साली ते ‘ग्रॅडियस’ हा गेम घरच्या यंत्रासाठी तयार करत होते. तपासण्यासाठी तो शेवटपर्यंत खेळावा लागे आणि त्यांना स्वतःलाच तो जमेना. म्हणून त्यांनी आपल्यापुरती चोरवाट ठेवली, ती गेममध्ये तशीच राहिली आणि मग जगभर पसरली. हाशिमोतो २०२० च्या फेब्रुवारीत वारले. आपल्या मंत्राचा उपयोग नागपूरच्या गल्लीतही झाला, हे त्यांना कोणी कळवलं असेल का?

कोणाच्या पिशवीत बंदूक निघेल, बदकं मारायची. ती आजच्या सपाट टीव्हीवर चालत नाही. बिघडली समजून फेकू नका! तिच्यातून काही सुटत नसे, उलट ती टीव्हीकडे बघायची. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि पुढच्याच क्षणी बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा. नळीपुढे आधी अंधार, मग उजेड आला की नेम लागला! हे सेकंदाच्या पन्नासाव्या-साठाव्या भागात घडे. जुना पेटीचा टीव्ही ते त्याच वेळी दाखवायचा, सपाट टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर लावतो. तेवढ्यात बंदुकीची पाहण्याची वेळ निघून जाते.

मागे एका पालकांनी शाळेच्या फाटकाशीच विचारलं, “मॅडम, टीव्हीवर दाखवत होते, मारिओची कॅसेट कोटींना गेली. आमच्या कॅसेटचे किती भेटतील?” बातमी खरी आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेत मारिओची एक कॅसेट २० लाख डॉलरला विकली गेली. पण ती अस्सल होती आणि तिचं खोकं कधी उघडलेलंच नव्हतं. आपल्या नकलेचे तसे पैसे येणार नाहीत. मी तर म्हणते, पैशासाठी हा छंद करूच नये. दहा कॅसेटींचा संग्रहसुद्धा छान दिसतो, फक्त प्रत्येकीची चिठ्ठी हवी : कुठून घेतली, कोणत्या साली, कोण खेळायचं. कबाडीवाल्याकडून गेलेली वस्तू एकवेळ परत मिळेल, पण ही माहिती फक्त तुमच्या घरात आहे.

आणि हो, कॅसेटला फुंकर मारू नका! आम्ही सगळे मारायचो. फुंकरीतल्या ओलाव्यानं तांब्याच्या पट्ट्या गंजतात. गेम चालू होई तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे. कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसा, मोठ्यांना सोबत घेऊन. पूर्ण वाळल्यावरच कॅसेट बसवा. मोबाइलचा चार्जर किंवा हाताला लागेल तो अॅडॅप्टर मात्र जोडू नका, जाणत्या माणसाला दाखवा.

जपानात तर जुन्या खेळांना आता चक्क संग्रहालय मिळालं आहे. क्योतोजवळ उजी गावात निन्टेन्डोचा जो जुना कारखाना होता, जिथे पत्ते बनत, तिथेच २ ऑक्टोबर २०२४ रोजी ते उघडलं. पण दुसरी बातमी ऐका. ५ जून २०२५ ला ‘स्विच २’ हे यंत्र आलं आणि चार दिवसांत ३५ लाखांच्या वर खपलं. त्याच्या काही गेमच्या कार्डात गेमच नसतो! असते नुसती किल्ली, गेम इंटरनेटवरून उतरवायचा. त्याच कंपनीनं मार्च २०२३ मध्ये आपल्या दोन जुन्या यंत्रांचं इंटरनेट दुकान बंद केलं, तेव्हापासून तिथे नवा गेम विकत घेता येत नाही. उद्या या किल्ल्यांचं कुलूपच राहिलं नाही, तर तुमच्या मुलांना सज्ज्यावर काय सापडेल? संग्रह करणारे लोक आज याच काळजीत आहेत.

तर या सुट्टीत एक काम. घरी अशी कॅसेट निघाली आणि चालली, तर यादीतले गेम एकेक करून उघडा आणि खरे वेगळे किती ते मोजा. वहीत दोन रकाने करा : कॅसेटवरचा आकडा आणि तुमचा आकडा. मोजताना आई किंवा बाबांना शेजारी बसवा. पहिला रिमोट त्यांना द्या.