चिवटपणाचे पोवाडे पुरेत

दोन महिन्यांपूर्वी आपल्या एका अभ्यासवर्गात एका तरुण कार्यकर्तीने मासाई विधवांविषयीचा एक अहवाल मोठ्या तन्मयतेने वाचून दाखविला. नवरे गेले, दुष्काळात गुरे मेली, तरी या स्त्रिया मोडल्या नाहीत, असा त्याचा मथितार्थ होता. सभागृहाने टाळ्या वाजविल्या. मी वाजविल्या नाहीत, आणि त्याबद्दल नंतर माझ्याकडे खुलासा मागण्यात आला. तो येथे देतो.

गेल्या वर्षी टांझानियात काही आठवडे राहण्याचा योग आला. अरुशाहून केनियाच्या सरहद्दीवरील नामांगाकडे जो रस्ता जातो, त्यावरील लोंगिडो जिल्ह्यात अशाच एका वस्तीत मी दोन दिवस काढले. काटेरी कुंपणाच्या आत अकरा विधवा आणि त्यांची मुले राहत होती. घरे त्यांनीच बांधलेली. मासाईंत घर बांधणे हे स्त्रीचेच काम. काठ्यांचा सांगाडा उभारायचा आणि त्यावर माती व शेण लिंपायचे. पहाटे पाण्याला जायचे, सरपण आणायचे, दुपारी झाडाखाली बसून काचमण्यांचे हार ओवायचे. आपल्या बचतगटाची (त्यास तेथे ‘विकोबा’ म्हणतात) तीन कुलपांची पेटी त्यांनी मला अभिमानाने दाखविली. तीन किल्ल्या तिघींकडे, आणि हिशेब तोंडपाठ. माझ्या कित्येक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना व्याजाचे गणित इतके चोख येत नसे.

परंतु ज्या जागेवर हे कुंपण उभे आहे ती कोणाच्या नावावर, असे मी विचारताच बोलणे थांबले. ती जागा त्यांतील एकीच्या भावाने ‘तूर्त’ वापरू दिलेली होती. दुसरीची कहाणी दुभाष्या मुलीने सांगितली. नवऱ्याचे दिवस होतात न होतात तोच दिरांनी गाई हाकून नेल्या. मुलगा लहान आहे, मोठा झाला की देऊ, म्हणाले. मुलगा मोठा झाला. गाई आल्या नाहीत. शहरी सभ्यतेला अनुसरून मी तिला विचारले, एवढे सोसण्याचे बळ आपण कोठून आणले? ती म्हणाली, “बळाचे काय करू? मी गाई मागायला गेले होते, त्या मिळाल्या नाहीत.” माझा प्रश्न किती पोकळ होता हे मला तेव्हा उमगले.

वैधव्य हा तेथे निव्वळ दैवाचा घाला नव्हे, तो समाजरचनेतच पेरलेला आहे. मासाई पुरुष वयोगटांत विभागलेले असतात, आणि मोरान म्हणजे योद्ध्याच्या अवस्थेत असेतो रूढीप्रमाणे त्याने लग्न करावयाचे नाही. पुढे तो करतो ते आपल्याहून बऱ्याच लहान मुलीशी, आणि ऐपत असल्यास पुनःपुन्हा. साहजिकच स्त्रीच्या वाट्याला दीर्घ वैधव्य येते. पुनर्विवाह तर रूढीला मान्यच नाही. लग्नानंतर नवरा तिच्या घराला काही गाई लावून देतो. दूध तिचे; पण गाय विकण्याचा अधिकार तिचा नव्हे. ती मुलग्यांच्या वारशाची राखणदार. मुलगा नसला किंवा अजाण असला, तर राखणही जाते आणि दिरांचा अंमल सुरू होतो.

ही सारी ‘परंपरा’ आहे म्हणून हात झटकणारे अर्धसत्य सांगतात. पूर्वी शेजारच्या शेतकरी जमातींशी दूध-कातड्यांच्या बदल्यात धान्याचा व्यवहार मासाई स्त्रिया स्वतः करीत. तो समतेचा स्वर्ग होता असे मी म्हणत नाही. परंतु इंग्रजी अंमलात कर रोखीत आला, करदाता म्हणून पुरुषाची नोंद झाली, गुरांच्या बाजारात मालक म्हणून तोच उभा राहिला. टांगानिकात एकीहून अधिक बायका असल्यास नवऱ्याकडून जादा कर घेत. म्हणजे सरकारी खतावणीत बायको ही करपात्र मत्ता! केनियात १९०४ व १९११ च्या करारांनी उत्तम कुरणे गोऱ्या वसाहतवाल्यांच्या घशात गेली. उरलेल्यांचे १९६८ च्या कायद्याने ‘ग्रुप रँच’ झाले आणि पुढे त्यांचेही तुकडे पडून खासगी दाखले वाटले गेले, ते बहुतांशी पुरुषांच्या नावे. १९७२ च्या वारसा कायद्याने विधवेला हक्क दिला खरा. पण त्याच कायद्याच्या बत्तिसाव्या कलमाने कजियाडो, नारोक आदी जिल्ह्यांतील शेतजमीन व गुरे त्यातून वगळण्याची वाट ठेवली. जेथे गुरे हीच मत्ता, तेथे गुरेच वगळली. मग वारसा कशाचा?

टांझानियाचा हिशेब मांडताना आपल्या मंडळींना अवघडल्यासारखे होईल. १९६७ ची अरुशा घोषणा आमच्या पिढीने भाविकतेने वाचली. मी ती वर्गात शिकविली आहे. परंतु न्येरेरे यांच्याच राजवटीत १९६३ साली रूढींची जी संहिता झाली, तिने मृताचे कुळ हयात असता विधवेला वारसाहक्क नाकारला. दोन विधवांनी (त्या मासाई नव्हत्या) तक्रार केली, तेव्हा २०१५ साली संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक भेदभाव निर्मूलन समितीने टांझानियाला दोषी ठरविले. समाजवादी घोषणेला चाळीस वर्षे उलटून गेल्यावर! १९९९ च्या ग्रामजमीन कायद्याने स्त्रीचा हक्क मान्य केला, गावच्या सात सदस्यांच्या जमीन-तंटा मंडळात तीन स्त्रिया असाव्यात असेही म्हटले. कायदा चांगला आहे. परंतु फिर्याद घेऊन जावयाचे ते त्याच गावात, जेथे दिरांचा शब्द चालतो.

आता आपल्या मित्रांचा आक्षेप. ते म्हणतात, मासाईंची जमीनच शिकारी पर्यटनासाठी हिसकावली जात असता घरातला वाद उकरणे म्हणजे सरकारच्या हाती कोलीत देणे. लोलिओंदोत २००९ साली बोमा जाळण्यात आल्या. जून २०२२ मध्ये दीड हजार चौरस किलोमीटर कुरणावर सीमेचे खांब रोवताना पोलिसांनी गोळ्या झाडल्या. हे सर्व खरे, आणि आपण त्याविरुद्ध उभे राहिलेच पाहिजे. पण त्या लढ्यात स्त्रिया कोठे होत्या? २०१० साली लोलिओंदोच्या बायकांनी सत्ताधारी पक्षाची सभासदकार्डे परत केली, न्येरेरे यांनी स्थापिलेल्या पक्षाची! जमीन वाचविण्यास त्या चालतात. वाचलेल्या जमिनीच्या कागदावर मात्र त्यांचे नाव चालत नाही. ‘आधी वर्ग, मग स्त्री’ हा पाठ आपण येथेही पुष्कळ गिरविला आहे.

राहिला तो चिवटपणा. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला त्यात एक अनुदान दिसते. विधवा मुले पोसते, पाणी वाहते, दुष्काळात उपाशी राहून शेळी जगवते; या श्रमाची किंमत सरकार देत नाही, दीर देत नाहीत, मण्यांचा हार विकणारा पर्यटन-व्यापारीही पुरती देत नाही. तिच्या चिवटपणाचे जितके कौतुक व्हावे, तितके हे देणे लांबणीवर पडते. अहवालात तिचे हसरे छायाचित्र येते, दिरांच्या गोठ्याचे येत नाही.

आणि आपण? शरद जोशींच्या खुल्या बाजाराशी माझे हाडवैर होते आणि आजही आहे. पण चांदवडला १९८६ साली स्त्रियांना लाखोंनी जमविणे आणि पुढे लक्ष्मीमुक्तीत बायकोच्या नावे जमीन करा असे शेतकऱ्याला सांगणे, हे त्यांना सुचले. आपल्याला सुचले नाही. आपल्या किती कार्यकर्त्यांच्या सातबाऱ्यावर पत्नीचे नाव आहे, ही मोजणी मी एकदा तालुका समितीत सुचविली होती. विषय पुढील बैठकीत घेऊ असे ठरले, आणि ती बैठक आजतागायत पुढीलच आहे.

येत्या कार्यकारिणीपुढे लोलिओंदोच्या मासाईंना पाठिंबा देणारा ठराव येत आहे. ‘सामूहिक जमिनीच्या नोंदणीत विधवांची स्वतंत्र नोंद व्हावी आणि गुरांतील त्यांचा हिस्सा मान्य व्हावा’ एवढी दुरुस्ती मी लेखी पाठविली आहे. तिला अद्याप अनुमोदक मिळालेला नाही.