मेनू मोबाइलवरही दिसला पाहिजे



गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट आहे. रात्रीचे जेवण आटोपून मी ओसरीवर बसलो होतो. आमच्या गल्लीतील बारावी झालेली एक मुलगी वडिलांचा मोबाइल घेऊन आली. मागे तिची आई. मुलीचा चेहरा रडवेला झालेला. म्हणाली, "काका, उद्या फारमची शेवटची तारीख आहे. पण फारम भरायचं बटनच दिसून नाही राहिलं." मी चष्मा लावून पाहिले. एका योजनेची वेबसाइट होती. वरच्या बाजूला नावांची एक पट्टी होती. तिच्यातली पहिली दोन नावे दिसत होती, तिसरे अर्धे कापलेले आणि पुढची पडद्याच्या बाहेर गेलेली. बोटाने सरकवून पाहिले, पट्टी हलेना. मोबाइल आडवा केला, तरी तेच.

दुसऱ्या दिवशी आईने कामावर खाडा केला. मायलेकी सेवा केंद्रावर रांगेत उभ्या राहिल्या. केंद्रातल्या मोठ्या संगणकावर तेच पान उघडले आणि उजव्या कोपऱ्यात 'अर्ज' हा शब्द ठळक दिसला. फॉर्म भरला गेला, परंतु त्यापायी आईची एक दिवसाची मजुरी बुडाली आणि केंद्राचे पैसे द्यावे लागले ते वेगळेच. दोष मुलीचा नव्हता, मोबाइलचाही नव्हता. ज्याने ती वेबसाइट बनविली त्याने ती आपल्या मोठ्या पडद्यावर पाहिली आणि काम संपले असे समजला. गरिबाच्या हातातील पडद्यावर ती कशी दिसेल, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की, आमच्या विहाराच्या अभ्यासिकेतील मुला-मुलींनी अभ्यासिकेची वेबसाइट बनवायचे ठरविले आणि मला सोबत बसायला बोलाविले. मी नोकरीत बरीच वर्षे संगणकावर काढली, म्हणून हा मान. पहिल्याच दिवशी मी त्यांना वरील हकिकत सांगितली आणि म्हटले, "पोरांनो, आधी पट्टी नीट करू, बाकी मग."

वेबसाइटच्या माथ्यावर जी नावांची पट्टी असते तिला नॅव्हिगेशन बार म्हणतात. दवाखान्यात शिरताच 'केसपेपर', 'औषधे', 'एक्स-रे' असे बाण काढलेले फलक दिसतात, तसलेच हे काम. फलक दिसला नाही तर आत डॉक्टर कितीही चांगला असो, रोग्याला त्याचा काय उपयोग?

थोडा इतिहास पाहू. टिम बर्नर्स-ली या शास्त्रज्ञाने युरोपातील सर्न या संशोधन संस्थेत 1989 साली वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली आणि 1991 साली जगातील पहिली वेबसाइट लोकांसमोर आली. आपल्या देशात विदेश संचार निगमने 15 ऑगस्ट 1995 रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केले. त्या काळी वेबसाइट पाहायची ती टेबलावरच्या संगणकावर. पुढे 2007 साली आयफोन आला, त्यामागून इतर कंपन्यांचे फोन आले आणि पडदा तळहाताएवढा झाला. मे 2010 मध्ये ईथन मार्कोट या अमेरिकन रचनाकाराने एक लेख लिहिला. प्रत्येक पडद्यासाठी वेगळी वेबसाइट नको, एकच वेबसाइट पडद्याप्रमाणे स्वतःची मांडणी बदलेल अशी करा, हे त्याचे म्हणणे. या पद्धतीला त्याने 'रिस्पॉन्सिव्ह' हे नाव दिले. आपल्याकडे 2016 नंतर डेटा स्वस्त झाला आणि ज्या घरात संगणक कधी आला नाही त्या घरात थेट मोबाइल आला. तेव्हा आपल्या वस्तीपुरते बोलायचे तर मोबाइल हाच संगणक!

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. यासाठी महागडा क्लास लागत नाही. साधे नोटपॅड आणि एक ब्राउझर पुरतो.

पहिले काम म्हणजे नावे ठरविणे. मुलांनी कागदावर तेरा नावे लिहिली. त्यात 'आमचे ध्येय' होते, 'अध्यक्षांचे मनोगत' होते, 'छायाचित्र दालन' होते. मी विचारले, "अभ्यासिकेत येणारा माणूस काय शोधत येतो?" तेव्हा काटछाट होत होत पाच नावे उरली. मुख्य पान, पुस्तके, वेळ, शिष्यवृत्ती, संपर्क. मनोगत आणि छायाचित्रे मुख्य पानाच्या खालच्या भागात गेली. लक्षात ठेवा, पट्टी निम्मी कागदावरच तयार होते.

दुसरे काम सांगाड्याचे. हा सांगाडा एचटीएमएल या भाषेत लिहितात. 'नॅव्ह' नावाच्या खुणेच्या आत 'यूएल' म्हणजे यादी, यादीत प्रत्येक नावासाठी एक 'एलआय', आणि त्याच्या आत 'ए' म्हणजे दुवा. इतकेच. 'नॅव्ह' लिहिल्याने आंधळ्या व्यक्तीचा मोबाइल जेव्हा पान वाचून दाखवितो तेव्हा "ही दिशादर्शक पट्टी आहे, यात पाच नावे आहेत" असे त्याला सांगता येते. पानाच्या डोक्यात 'व्ह्यूपोर्ट' नावाची एक ओळ घालावी लागते. पानाची रुंदी मोबाइलच्या रुंदीइतकी समज, असा तिचा अर्थ. ही एक ओळ विसरली तर मोबाइल पानाला मोठ्या पडद्याचे पान समजून सगळे बारीक करून दाखवितो आणि मुंगीसारखी अक्षरे वाचत बसावे लागते.

तिसरे काम रंगरूपाचे. त्यासाठी सीएसएस ही भाषा. यादीला 'डिस्प्ले फ्लेक्स' सांगितले की उभी नावे आडव्या ओळीत बसतात. सोबत 'फ्लेक्स रॅप' सांगायचे. याचा अर्थ कळायला आपल्या गल्लीतील पंगत आठवा. मांडव मोठा असेल तर सगळे एका ओळीत बसतात. गल्ली अरुंद असेल तर वाढपी म्हणतो, "उरलेले मागच्या ओळीत बसा." जेवायचे कोणी राहत नाही. 'फ्लेक्स रॅप' हेच करतो. आमच्या पाच नावांना साधारण 500 पिक्सेल रुंदी लागत होती. अनेक साध्या मोबाइलची रुंदी 360 पिक्सेलच्या आसपास धरली जाते. त्यामुळे तीन नावे वरच्या ओळीत व दोन खालच्या ओळीत बसली. कापले काहीच गेले नाही. त्या मुलीच्या मोबाइलवर जे घडले ते एवढ्या एका शब्दाने टळले असते!

आता मुलांनी हट्ट धरला की, आपल्यालाही तीन रेघांचे बटण पाहिजे. मोठ्या कंपन्यांच्या वेबसाइटवर असते ना, तसे. ही तीन रेघांची खूण नॉर्म कॉक्स या रचनाकाराने झेरॉक्स कंपनीच्या स्टार या संगणकासाठी काढली होती. तो संगणक 1981 साली बाजारात आला. म्हणजे खूण चाळीस वर्षांहून जुनी आहे. परंतु माझे मत मी मुलांना स्पष्ट सांगितले. पाचच नावे असतील तर लपवायची कशाला? ज्यांच्यापासून आजवर सगळे लपविले गेले त्यांच्यासाठी आपण वेबसाइट करतो आहोत. उघडी पट्टी ठेवा.

मात्र नावे आठ-दहा असतील तर बटण लागते, म्हणून त्याची रीतही सांगून ठेवतो. खूण नुसती ठेवू नका, तिच्याशेजारी 'मेनू' हा शब्द लिहा. बटणासाठी एचटीएमएलमधील 'बटण' हीच खूण वापरा, साध्या चौकोनाला बटण बनवू नका. यादी उघडी आहे की बंद हे वाचून दाखविणाऱ्या यंत्राला कळावे म्हणून 'आरिया एक्सपांडेड' ही नोंद ठेवतात. उघडझाप करायला जावास्क्रिप्टच्या चार ओळी पुरतात. आणि एक युक्ती. यादी मुळात उघडी ठेवा आणि जावास्क्रिप्ट पोहोचल्यावरच ती बंद होऊ द्या. नेटवर्क तुटके असले आणि जावास्क्रिप्ट पोहोचलीच नाही, तर यादी निदान उघडी राहील. उलट केले तर दार बंद आणि किल्ली रस्त्यात, अशी गत होते.

पडदा रुंद झाल्यावर बटण काढून सगळी नावे एका ओळीत आणायची, हे सांगण्याचे साधन म्हणजे 'मीडिया क्वेरी'. अमुक रुंदीच्या वर हा नियम, असे त्यात लिहितात. ती रुंदी एखाद्या कंपनीच्या फोनवरून ठरवू नका. ब्राउझरची खिडकी हळूहळू लहान करा आणि तुमची नावे जिथे मावेनाशी होतील तो आकडा घ्या. नियम आधी लहान पडद्याचे लिहा, मोठ्या पडद्याचे मागाहून.

आपल्या मराठीच्या काही खास गोष्टी इंग्रजी पुस्तकात मिळत नाहीत. आपल्या अक्षरांना वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात. पट्टीची उंची ठरावीक पिक्सेलमध्ये बांधून टाकली तर 'पुस्तके'चा उकार आणि मात्रा कापली जाण्याची भीती असते. म्हणून उंची बांधू नका, ओळीची उंची अक्षराच्या दीडपटीहून थोडी जास्त द्या. इंग्रजी शब्द सुटसुटीत दिसावेत म्हणून अक्षरांत अंतर टाकतात. मराठीत ते टाकले की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या टायपिंगच्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्याच्या मोबाइलवर अगम्य चिन्हे होऊन उमटतो.

बोटाचाही विचार करा. विटा उचलणाऱ्या, भांडी घासणाऱ्या हाताची बोटे जाड असतात. प्रत्येक नावाभोवती एवढी जागा सोडा की दाबायचा भाग निदान 44 पिक्सेल उंच-रुंद होईल. बाण वर नेला की यादी उघडते अशी रचना मोबाइलसाठी करू नका. बोट दाबता येते, हवेत तरंगत ठेवता येत नाही. रंगाच्या बाबतीत मुलांनी अर्थातच निळा निवडला. मी म्हटले निळाच ठेवा, पण गडद ठेवा. फिकट निळ्यावरची पांढरी अक्षरे आपल्या नागपूरच्या मे महिन्यातील उन्हात कोणाला दिसायची? अक्षराचा आकार 'रेम' या मापात द्या, म्हणजे म्हाताऱ्या माणसाने ब्राउझरच्या सेटिंगमध्ये अक्षरे मोठी केली की पट्टीतील अक्षरेही मोठी होतात.

पंधरा दिवसांत पट्टी तयार झाली. मुले खूश झाली. मी म्हटले, थांबा, परीक्षा बाकी आहे. त्याच मुलीच्या आईला बोलाविले. तिच्याच घरचा काच फुटलेला मोबाइल तिच्या हाती दिला आणि म्हटले, "ताई, पोरीच्या पैशाचा फॉर्म कुठे भरायचा ते यात शोधा." कोणी काही बोलायचे नाही असे मुलांना बजावले होते. ती बाई सातवीपर्यंत शिकलेली. पाचही नावे तिला नीट दिसत होती. बोट एका नावावरून दुसऱ्यावर फिरले, 'शिष्यवृत्ती'वरून पुढे गेले आणि 'संपर्क'पाशी अडले. मग ती ओशाळून म्हणाली, "भाऊ, फारम कुठं आहे जी याच्यात?"

सगळे गप्प झाले. पट्टी मोबाइलवर नीट बसली होती, पण शब्द तिच्या घरचा नव्हता. सेवा केंद्रावर, शाळेत, शेजारी-पाजारी सगळे 'फॉर्म' म्हणतात. 'शिष्यवृत्ती' आपण भाषणात म्हणतो. बारावी झालेली तिची मुलगीच उठली, नोटपॅड उघडले आणि तो शब्द खोडून तिथे 'फॉर्म' लिहिला. शब्द लहान झाल्याने पट्टीत जागाही सुटली. आईने पुन्हा मोबाइल घेतला आणि या वेळी पहिल्याच फटक्यात बोट बरोबर ठिकाणी पडले.

त्या पानावर आता मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, स्वाधार योजना, बार्टीचे प्रशिक्षण यांची माहिती आणि शेवटच्या तारखा टाकण्याचे काम सुरू आहे. तारखा टाकण्याची जबाबदारी त्याच मुलीने मागून घेतली.

आज आपली कितीतरी मुले-मुली संगणकाच्या नोकरीत आहेत. नागपुरातच आहेत, पुण्यात, बंगळुरूत आहेत. त्यांना एवढेच सांगणे आहे. तुम्ही जी वेबसाइट बनवाल ती साहेबाला दाखविण्यापूर्वी एकदा आपल्या आईच्या मोबाइलवर उघडा आणि तिच्या हाती द्या. ती जिथे अडेल तिथे तुमचे काम बाकी आहे, असे समजा. आणि ज्यांनी अजून सुरुवात केली नाही त्यांनी या रविवारी पाच नावांची पट्टी लिहून पाहावी. चुकली तर अभ्यासिकेत या, बसून दुरुस्त करू.

जयभीम!